वजन परत वाढल्यावर मन पुन्हा कसं लावायचं?

तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांत अकरा किलो उतरवले, मग कंबरेच्या दुखण्यात दोन महिने घरी बसावं लागलं, त्यातच बहिणीचं लग्न आलं आणि सहा किलो परत चढले. आता सकाळी उठून बूट घालायचीसुद्धा इच्छा होत नाही. मोटिव्हेशन परत कसं आणायचं आणि सोळा तासांचा उपास करून बघावा का, असं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे, "आता शून्यापासून सुरुवात करायची हिंमत नाही." त्या ओळीसाठी मी लिहायला बसले. 'शून्यापासून' हा शब्द मलाही एकदा समोर बसवून ऐकवला गेलाय. तो अजून लागतो.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, शाळेत विज्ञान शिकवते. सप्टेंबर २०२१ मध्ये माझं वजन ७८.४ होतं, उंची पाच फूट दोन इंच, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.२. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या वडिलांना साखर, आत्याला साखर. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. आमच्या घरात तो आकडा वाचून कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तर सप्टेंबर २०२१ मध्येच मी कंबर कसली. दर शनिवारी सकाळी वजन करायचं आणि शंभर पानी वहीत तारीख घालून लिहायचं. खाण्यापिण्याचं काय केलं ते सांगत बसत नाही. तुम्ही अकरा किलो उतरवलेत, तुम्हाला ते येतं. ९ जुलै २०२२ ची माझी नोंद आहे ६६.२. दहा महिन्यांत बारा किलो.

पुढच्याच आठवड्यात घरामागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. २५ ऑगस्टला ते कापलं तेव्हा आतून निघालेली पोटरी माझी वाटेना. कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेले, आणि मांस असं उतरलेलं की दोन्ही पाय शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायकांचे वाटावेत. काट्यावर मात्र वजन वाढलेलं, ६९ च्या वर. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या कंबरेच्या बाबतीतही असंच झालं असणार. वजन वाढलं आणि स्नायू कमी झाले, दोन्ही एकदम. त्यामुळे पहिल्या दिवशी चार पावलं चालून दम लागला तर तो आळस नव्हे.

सहा दिवसांनी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आमचं मूळ घर सत्तरीत, गणपती पाच दिवसांचा, सगळे भाऊ, जावा, मुलं तिथे जमतात. दुसऱ्या दिवशी पंगतीला मी पाय लांब करता यावा म्हणून कडेला खुर्चीवर बसले होते. थोरल्या जाऊबाई वाढत होत्या. खतखतं वाढलं, मुगागाठी वाढली, नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, परात घेऊन आल्या, माझ्या पानात दोन ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "परत होतीस तश्शीच झालीस गो! पाय मोडला होता, तोंड नव्हतं मोडलं."

सगळे हसले. माझे मिस्टरही हसले.

मी काही बोलले नाही. चवथीच्या दिवसांत मोठ्या जावेला उलटून बोलायची आमच्यात पद्धत नाही. घरी परतल्यावर काट्यावर उभी राहिले तर ७२. पाच दिवसांत जवळपास तीन किलो! काटा जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. वही कपाटात साड्यांच्या खाली.

आता हिशोब बघा. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जादा लागतात. तीन किलोला तेवीस हजार. म्हणजे पाच दिवस, रोजच्या गरजेच्या वर आणखी साडेचार हजार कॅलरी मी खायला हव्या होत्या. शक्य आहे का? चार माणसांचं जेवण एकटीने खाल्लं तरी कठीण. गोड आणि भात पोटभर खाल्ला की शरीर जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर मीठ, वर आतड्यातलं अन्न. त्या तीन किलोंपैकी चरबी फार तर एक किलो असेल. मी हे मुलांना शिकवते. आणि त्या दिवशी तो हिशोब माझ्या डोक्यात आलाच नाही, कारण डोक्यात जाऊबाईंचं वाक्य होतं.

पुढचे तीन महिने मी शाळेतून येताना वाट बदलली. आधी संध्याकाळी कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळाकडे आम्ही चौघीजणी चालायला जायचो. त्या भेटतील म्हणून मी बाजारातून वळसा घालून यायचे. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, चहात बुडवून दोन, कधी तीन. भूक नसायची. कुणी बघत नाही एवढंच पुरेसं होतं. डिसेंबरमध्ये वजन ७३.४ निघालं. म्हणजे पायाने तीन वाढले, चवथीने एक, आणि बाकीचे तीन-साडेतीन त्या लपण्याने. तुमच्या सहा किलोंची अशी फोड करून बघा. माझी खात्री आहे की आजारपणाचे आणि लग्नाचे किलो तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील.

डिसेंबरमध्ये मी पणजीत, जिथे आधी सल्ला घेत होते त्या क्लिनिकमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की पॅकेज संपलं, नवीन रजिस्ट्रेशन करावं लागेल. डाएटिशियन बाईंनी जुनी फाइल बाजूला सारली, कोरा तक्ता काढला, 'सुरुवातीचं वजन' या चौकोनात ७३.४ लिहिलं आणि म्हणाल्या, "झालं ते गेलं. आता शून्यापासून सुरू करू." त्या प्रेमानेच म्हणाल्या असतील. पण तो कोरा चौकोन बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शून्यापासून कसं? मी ७८.४ वरून आले होते. अजून पाच किलोंनी खाली होते. तपासणीत एचबीए१सी ५.८ निघालं, ६.२ नव्हे. दहा महिने रोज चालले होते, मोजून भात वाढायला शिकले होते, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत हुमणाऐवजी, म्हणजे माशांच्या आमटीऐवजी, अंडी आणि अळसांद्याची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ कशी बसवायची ते शिकले होते. ते सगळं कुणाच्या चौकोनात गेलं? पैसे न भरता मी उठून आले.

घरी येऊन माळ्यावरून काटा काढला, साड्यांखालून वही काढली. ९ जुलैनंतर कोरी पानं. एक पान सोडून पुढच्यावर लिहिलं, ३ डिसेंबर, ७३.४. मग मधल्या कोऱ्या पानावर लिहिलं, "पाय मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. चवथ. जाऊबाई." एवढंच. पण ते लिहिल्यावर तो काळ वहीत आला. वही तुटली नाही.

माझं उत्तर हेच आहे. मोटिव्हेशन शोधू नका. नवीन वर्ष, पाडवा, सोमवार, नवे बूट, नवं ॲप, यातलं काही नको. नवी सुरुवात करायची म्हटली की जुनं सगळं फुकट गेलं असं मनाने आधीच मान्य केलेलं असतं, आणि फुकट गेलेल्या कामाला परत हात लावायला कुणाचं मन धजेल? जुनीच वही पुढे चालू ठेवा. पहिले दोन आठवडे मी खाण्यात काहीही बदललं नाही, फक्त शनिवारी वजन लिहिलं आणि रोज दहा मिनिटं चालले, तीही त्या तिघी मैत्रिणींबरोबर, वाट न बदलता. उमेद तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आली, चालायला लागल्यावर. आधी आली असती तर मला तिची गरजच नव्हती. एकदा कमावलेले स्नायू परत कमवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, ही जमेची बाजू. तेव्हा आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायामही करा, कंबरेला झेपतील तेवढे, फिजिओथेरपिस्टला विचारून.

आणि वजन परत चढलं की इच्छाशक्ती कमी पडली असं लोक म्हणतात, त्याबद्दल. जाऊबाईंना मी त्या दिवशी जे बोलले नाही ते इथे बोलते. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं होतं. स्वतःहून आलेले, निश्चयाचे पक्के लोक. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही येईना, चिडचिड, उदासी, आणि पोटभर मिळायला लागलं तेव्हा कितीही खाल्लं तरी त्यांचं समाधान होईना. आपण काही तेवढी उपासमार करत नाही, पण यंत्रणा तीच. वजन उतरलं की चरबीतून येणारं लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक, कमी होतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय, भूक वाढते आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. बारा किलो उतरवलेली बाई आणि कधीच न वाढलेली बाई एकाच ताटासमोर बसल्या तर दोघींची भूक सारखी नसते. जाऊबाई आयुष्यभर पन्नास किलोच्या आहेत. त्यांना नेवरी ठेवून द्यायला काही करावं लागत नाही, म्हणून त्यांना वाटतं की मी काही करत नाही. तोंड मोडलं नव्हतं हे खरं. पण वजन कमी केलेल्या माणसाचं तोंड म्हणजे काय, हे ज्याने कमी केलंय त्यालाच कळतं, आणि ज्याने केलं नाही त्याने पंगतीत बोलू नये.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. माझा पाय प्लॅस्टरमध्ये असताना त्याच जाऊबाई स्वतःचं घर टाकून पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिल्या. रोज सकाळी पेज करून हातात आणून द्यायच्या, मला आंघोळीला बसवायच्या, प्लॅस्टरला प्लास्टिकची पिशवी बांधायच्या. ते मी विसरलेले नाही. वाक्यही विसरलेले नाही. दोन्ही खरं आहे, आणि आमचं यावर अजून बोलणं झालेलं नाही.

तुमचा उपासाचा प्रश्न राहिला. मला तो मानवला नाही. सकाळी आठला शाळा, उपाशीपोटी दोन तास शिकवून मधल्या सुट्टीत हात थरथरायचे, आणि संध्याकाळी दुप्पट खाल्लं जायचं. २०२२ साली चीनमध्ये ग्वांगझूला १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. दोन गटांना कॅलरी सारख्याच कमी केल्या, एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं. वर्षाअखेर दोघांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा जमत असेल तर करा, त्यात जादू नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. एकदा थायरॉइडही तपासून घ्या, विशेषतः थकवा जात नसेल तर. आणि आकडा बघून खाणं सोडून देण्याकडे किंवा खाल्लेलं ओकण्याकडे तुमचा कल असेल तर माझा वहीचा सल्ला तुम्हाला लागू नाही, आधी डॉक्टरांशी बोला.

आज माझं वजन ६७.३ आहे. ६६.२ ला मी अजून पोचलेले नाही. चवथीला मूळ घरी जाते, नेवऱ्या खाते, आणि परतल्यावर आठ दिवस काट्यावर चढत नाही, पाणी उतरू देते. नवव्या दिवशी लिहिते.

तुमची जुनी नोंद कुठे असेल, फोनमध्ये, डायरीत, कॅलेंडरवर, ती आज शोधून काढा. मधल्या कोऱ्या जागेत कंबर किती दिवस दुखत होती ते लिहा, बहिणीच्या लग्नाची तारीख लिहा. मग उद्या सकाळचं वजन.