वेशीचे दार कोणी उघडायचे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

खेळाडू कथेप्रमाणे वागले नाहीत तर काय करावे, हा प्रश्न विचारून तू पाठवलेले तुझ्या ऑनलाइन गेमचे वेढ्याचे प्रकरण मी दोनदा वाचले. पहिल्यांदा निव्वळ वाचक म्हणून वाचले आणि राजाच्या मृत्यूपाशी बराच वेळ रेंगाळलो, कारण तो प्रसंग तुला फार चांगला साधला आहे. दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक पानाच्या समासात एकाच प्रश्नाचे उत्तर लिहीत गेलो: या क्षणी खेळाडू काय करतो आहे? चाळीसपैकी एकतीस पानांच्या समासात मला 'उभा राहून ऐकतो आहे' असे लिहावे लागले. हजारो माणसे एकाच वेळी वावरतील अशा जगासाठी तू लिहितो आहेस, आणि त्या जगात इतका वेळ उभा राहून ऐकणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली एसेक्स विद्यापीठात सुरू केलेले आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी वाढवलेले 'मड' हे केवळ अक्षरांतून उभे राहणारे जग तुला ठाऊक असेलच. त्या अनुभवावरून बार्टल यांनी १९९६ साली अशा जगात येणाऱ्या माणसांचे चार प्रकार मांडले: काहीतरी कमावण्यासाठी येणारे, नवे शोधण्यासाठी येणारे, इतर माणसांच्या सहवासासाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करण्यासाठी येणारे. ही वर्गवारी मी कितीतरी वेळा वाचली होती. पण त्या चौघांत गोष्ट ऐकायला आलेला कोणी नाही, हे ध्यानात यायला मला पुष्कळ वर्षे लागली. याचा अर्थ लोकांना गोष्ट नको असते असा मी करत नाही. ते आधी स्वतःचे काहीतरी घेऊन येतात आणि तुझी गोष्ट त्यात मिसळते, एवढेच मला त्यातून कळले.

आता तुझ्या वेशीच्या दाराकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातल्या प्रश्नाचे सगळे मूळ मला तिथे दिसते. द्वारपाल फितूर झाला आहे हे खेळाडूला कळते आणि त्याच्यापुढे तीन पर्याय येतात: त्याला समजवावे, धमकवावे किंवा सरळ तलवार उपसावी. तिन्ही पर्यायांनंतर दार उघडते, शत्रू आत शिरतो आणि राजा मारला जातो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ही युक्ती खपून जाते, कारण बहुतेक जण तो प्रसंग एकदाच खेळतात आणि दुसरा पर्याय घेतला असता तर काय झाले असते हे त्यांना कधी कळत नाही. ऑनलाइन गेममध्ये ती तासाभराच्या आत उघडी पडते. एकाने समजावलेले असते, त्याच्या शेजारच्याने तलवार उपसलेली असते, आणि दोघे त्याच रात्री गिल्डच्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाच्या, गप्पांत आपापली हकीकत सांगतात. त्यानंतर तू त्यांच्यापुढे ठेवलेला कोणताही पर्याय ते मनापासून वाचणार नाहीत. बटण दाबून पुढे जातील.

तू विचारले आहेस, की खेळाडू कथेप्रमाणे वागले नाहीत तर काय करावे. माझे उत्तर असे, की ज्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर स्वीकारण्याची तुझी तयारी नाही, तो प्रश्न त्यांना विचारूच नये. आणि एकदा विचारलास, तर आलेले उत्तर जगात उमटले पाहिजे, मग त्यासाठी तुझी लाडकी पाने फाडावी लागली तरी चालतील.

हे मी ज्या उदाहरणावरून शिकलो ते थोडे विस्ताराने सांगतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेल्या 'अ‍ॅशरन्स कॉल' या गेममध्ये दर महिन्याच्या पॅचबरोबर, म्हणजे गेममध्ये घातल्या जाणाऱ्या बदलांबरोबर, कथानक पुढे सरकत असे, आणि त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पहिल्या मोठ्या कथानकात एक महाभयंकर शक्ती स्फटिकांच्या योगाने बंदिस्त होती. खेळाडूंनी ते स्फटिक फोडावेत आणि ती शक्ती मोकळी व्हावी, अशी लेखकांची योजना होती. इतर सर्व्हरवर, म्हणजे त्याच जगाच्या वेगवेगळ्या चालणाऱ्या प्रतींवर, सगळे ठरल्याप्रमाणे झाले. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवर मात्र काही खेळाडूंनी वेगळा विचार केला: हा स्फटिक फुटला तर आपल्या जगावर संकट येणार आहे, मग आपण तो फुटू का द्यावा? ते शेवटच्या स्फटिकाभोवती पहाऱ्याला उभे राहिले आणि फोडायला येणाऱ्या इतर खेळाडूंना परतवू लागले. लेखकांच्या कथेवर त्यांनी इतका मनापासून विश्वास ठेवला होता, की त्या कथेतल्या माणसाने जे करायला हवे तेच ते करत होते. पण पुढच्या महिन्याचे प्रकरण लिहून तयार होते आणि ती शक्ती मोकळी झाल्यावाचून ते सुरू होऊ शकत नव्हते. अखेर कंपनीच्या माणसांना स्वतः बलाढ्य पात्रांच्या रूपाने उतरून रक्षकांची फळी मोडावी लागली आणि स्फटिक फुटला. पुढे त्या रक्षकांच्या स्मरणार्थ त्या सर्व्हरवर स्मारक उभारले गेले.

स्मारक उभारणाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा मला मान्य आहे. तरीही ही हकीकत आठवली की मला वाटते, त्या एका सर्व्हरवर स्फटिक शाबूत राहिला असता तर केवढी मोठी गोष्ट घडली असती! एकाच गेमची दोन जगे झाली असती, एक संकटात सापडलेले आणि एक स्वतःच्या हिमतीवर वाचलेले. ते लिहिण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च मोठा होता हे मी नाकारत नाही. पण तो परवडणार नव्हता, तर स्फटिक खेळाडूंच्या हाती द्यायलाच नको होता.

याच्या शेजारी 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'चे उदाहरण ठेवून पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये आलेली त्या गेमची पहिली आवृत्ती फसली. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आल्यावर ती बंद करून गेम नव्याने उभारायचे ठरले, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ते जुने जग आकाशातून उतरणाऱ्या चंद्राखाली संपवण्यात आले. तो चंद्र कित्येक आठवडे खेळाडूंच्या डोक्यावर मोठा होत होता आणि त्याला थांबवणे कोणाच्याही हाती नव्हते. इथे खेळाडूला कोणी खोटा पर्याय दिला नाही. जग संपणार हे उघड होते. शेवटच्या रात्री कोणासोबत आणि कुठे उभे राहायचे, एवढेच ज्याचे त्याने ठरवायचे होते. ऑगस्ट २०१३ मध्ये परत आलेल्या त्या गेममध्येही मुख्य कथानक ठरलेल्या क्रमाने पूर्ण केल्याशिवाय पुढचे प्रदेश उघडत नाहीत, आणि असंख्य लोक ते आनंदाने पूर्ण करतात. म्हणून आपल्या क्षेत्रात 'थीमपार्क' म्हणजे आखीव कथेची जगे आणि 'सँडबॉक्स' म्हणजे मोकळी जगे असे दोन तट पाडून जो वाद चालतो, त्यात तू फार गुंतू नकोस. आखीव कथा सांगणे हा गुन्हा नाही. आखीव कथेला मोकळीक म्हणून सांगितले की खेळाडू दुखावतो.

तो किती दुखावतो हे मी स्वतः पाहिले आहे. तरुणपणी मी ज्या गेमसाठी लिहीत असे, तिच्यात एक डोंगराळ खेडे ठरलेल्या रात्री जाळले जाणार होते. 'गावकऱ्यांना वाचवा' अशी क्वेस्ट, म्हणजे खेळाडूंसाठीची कामगिरी, मी लिहिली होती, आणि ती यशस्वी होणे शक्य नाही हे मला लिहितानाच माहीत होते. आमच्या एनपीसींना, म्हणजे संगणकाने चालवलेल्या पात्रांना, सोबत घेऊन चालवण्याची एक साधी सोय गेममध्ये होती. पाच-सहा जणांच्या एका गिल्डने हल्ल्याच्या आधीच तिचा उपयोग करून अकरा गावकऱ्यांना एकेक करून खिंडीपलीकडे नेऊन ठेवले. तीन तास ते या कामात होते. एक म्हातारा एनपीसी प्रत्येक पुलापाशी अडकत असे आणि दर वेळी कोणीतरी मागे जाऊन त्याला परत घेऊन येत असे. ठरल्या वेळी माझी संहिता चालू झाली. 'गावात कोणीही वाचले नाही' अशी घोषणा पडद्यावर आली, आणि खिंडीपलीकडे शेकोटीभोवती बसवलेले ते अकरा जण त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. गिल्डमधल्या एकीने चॅटवर एवढेच लिहिले: 'म्हाताऱ्याला तरी ठेवायचे होते.' ती ओळ मी आजही विसरलेलो नाही. घोषणेतले चार शब्द बदलले असते आणि अकरा नावे वगळणारी एक अट संहितेत घातली असती, तर ते खेडे माझ्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट ठरले असते. मी काय काय होऊ शकते याचा विचारच केला नव्हता. फक्त काय व्हायचे आहे ते लिहिले होते.

आता दुसऱ्या बाजूची सावधगिरी. मोकळीक म्हणजे लेखकाने हात वर करून बाजूला होणे, असे समजू नकोस. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'साठी राफ कॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सबंध जीवसृष्टी रचली होती: गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे लांडगे, आणि भक्ष्य संपले की अन्नाच्या शोधात इतरत्र वळणारे मोठे प्राणी. माणसे आत आली आणि त्यांनी दिसेल ते जनावर इतक्या झपाट्याने मारले, की ती साखळी जुळण्याची संधीच मिळाली नाही आणि तो सगळा भाग काढून टाकावा लागला. त्याच जगात कोणीही कोणालाही मारू शकत असे, आणि नव्याने आलेला माणूस शहराच्या तटाबाहेर पाऊल टाकताच लुटला जाई. अखेर २००० साली जगाचे दोन भाग करून त्यातल्या एका भागात संमतीशिवाय हल्ला करण्यास बंदी घालावी लागली. बलवानाला मोकळे सोडले की दुबळ्याची मोकळीक उरत नाही, हे तिथे फार लवकर दिसून आले. तेव्हा नियम तुलाच लिहायचे आहेत, आणि माझ्या मते ऑनलाइन गेमच्या लेखकाचे खरे लेखन तेच आहे.

'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेममध्ये जानेवारी २०१४ च्या अखेरीस झालेली बी-आर५आरबीची लढाई कोणत्याही लेखकाने लिहिलेली नव्हती. त्या नावाच्या ग्रहमालेवरील ताबा टिकवण्यासाठी भरायची रक्कम वेळेवर भरली गेली नाही, ताबा सुटला, आणि शत्रुपक्षाने संधी साधली. सुमारे एकवीस तास चाललेल्या त्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि 'टायटन' वर्गातली पंचाहत्तर जहाजे नष्ट झाली. पण ताबा ठेवायचा तर ठरावीक काळाने रक्कम भरावी लागेल, आणि गमावलेले जहाज परत मिळणार नाही, हे दोन नियम कोणीतरी आधी विचारपूर्वक लिहिलेले होते. त्या लढाईची बीजे त्या दोन रुक्ष नियमांत होती. संवादांची पाने लिहिताना तुला जितका आनंद होतो, तितकाच असा नियम लिहिताना व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. तुझ्या प्रकरणात साधू खेळाडूला म्हणतो, 'भाकितात सांगितलेला तो एकमेव वीर तूच आहेस.' त्या साधूसमोर त्याच क्षणी आणखी तीस वीर रांगेत उभे असतील. हे वाक्य काढ. त्याऐवजी 'तुम्ही बरेच जण आलात, बरे झाले' असे म्हणणारा साधू मला अधिक खरा वाटेल. प्रत्येकाला आपापल्या टप्प्याप्रमाणे तीच जागा वेगळी दाखवण्याचे तंत्र आहे, २००८ नंतर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ते भरपूर वापरले. पण कथेत पुढे-मागे असलेले दोन मित्र त्यामुळे एकाच जागी उभे राहूनही एकमेकांना दिसेनासे होतात, आणि ज्या जगात माणसे मित्रांसाठी येतात तिथे ही किंमत मला जड वाटते.

तर वेशीच्या दारासाठी तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली अशी, की दार खेळाडू पोहोचण्यापूर्वीच उघडलेले असावे. फितुरी होऊन गेली आहे, शत्रू आत आहे, राजा वाचणार नाही हे सुरुवातीलाच कळते. आता कोणत्या गल्लीतल्या माणसांना बाहेर काढायचे हे खेळाडूंनी ठरवायचे, आणि ज्यांना बाहेर काढले ते पुढे त्या जगात दिसले पाहिजेत. दुसरी वाट अवघड आहे: दार खरोखर बंद राहू शकते. एखाद्या सर्व्हरवरच्या खेळाडूंनी द्वारपालाला वेळीच पकडले, तर तिथे राजा जिवंत राहील, वेढा लांबेल, धान्य कमी पडेल आणि शहरात असंतोष वाढेल. त्यासाठी नवे शहर उभारावे लागत नाही. पहाऱ्यावर कोण उभे आहे, दुकानात काय मिळते, कर किती आहे, रस्त्यावरचे एनपीसी कोणाचे नाव घेतात, एवढ्या बदलांवर ते पुष्कळसे निभते, आणि हे बदल फार खर्चिक नसतात.

मला स्वतःला दुसरी वाट आवडेल, पण तुझ्या हाताशी किती माणसे आणि किती महिने आहेत हे तुलाच ठाऊक. पहिली निवडलीस तरी मी नाराज होणार नाही. राजाच्या मृत्यूचा प्रसंग टाकून देऊ नकोस, जिथे दार उघडेल तिथे तो लागेलच. पुढच्या वेळी सबंध प्रकरण पाठवण्याची घाई नको. दार बंद राहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या बाजारात काय दिसते, एवढेच पंधरा-वीस ओळींत लिहून पाठव. त्यात संवाद कमी असू दे, आणि त्या द्वारपालाचे काय झाले ते अवश्य लिही.

तुझा हितचिंतक