सप्लाय टीचर: पगारदार की स्वयंरोजगारी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे इंग्लंडमधील शाळांत तात्पुरते शिकवणाऱ्यांची, म्हणजे सप्लाय टीचरची आहेत. उत्तरांतील आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे दर वेगळे आहेत, हे तेथील वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न: मी लेस्टरमध्ये राहते. भारतात अकरा वर्षे गणित शिकवले आणि आता क्यूटीएस (इंग्लंडमधील पात्र शिक्षकाचा दर्जा) मिळाल्यावर एका एजन्सीमार्फत सप्लाय टीचर म्हणून काम करते. सकाळी सव्वासातला फोन येतो. शाळेत गेल्यावर गळ्यात व्हिजिटरची पट्टी अडकवतात आणि हातात त्या दिवसाचे वेळापत्रक व कव्हर वर्कचे, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गाला द्यायच्या कामाचे, कागद देतात. सध्या मला अम्ब्रेला कंपनीकडून, म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन मालक म्हणून मला पगार देणाऱ्या मधल्या कंपनीकडून, पगार मिळतो. ठरलेल्या दरापेक्षा तो बराच कमी येतो. आता दुसरी एक एजन्सी म्हणते की स्वयंरोजगारी म्हणून नोंद करा, पूर्ण रक्कम हाती देऊ, कर तुमचा तुम्ही भरा. हे फायद्याचे आहे का?

उत्तर: गळ्यातली पट्टी आणि हातातले कागद यांविषयी आपण सहज लिहून गेलात, आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथेच आहे. आपण पगारदार की स्वयंरोजगारी हे आपल्या किंवा एजन्सीच्या इच्छेवर ठरत नाही, प्रत्यक्ष काम कसे चालते यावर ठरते. कोणत्या वर्गावर जायचे, काय शिकवायचे आणि शिस्तीचे कोणते नियम पाळायचे हे शाळा ठरवते. आपल्याला बरे नसेल तर आपण आपल्या जागी मैत्रिणीला पाठवू शकत नाही. मजकूर चुकीचा शिकवला गेला तर तो स्वखर्चाने पुन्हा शिकवण्याची जोखीमही आपल्यावर नाही. एजन्सीमार्फत जाणाऱ्यांसाठी तर ६ एप्रिल २०१४ पासून नियम अधिक कडक आहे: काम स्वतः करावे लागत असेल आणि ते कसे करायचे यावर कोणाची देखरेख, मार्गदर्शन किंवा नियंत्रण असेल, किंवा तसा अधिकार नुसता असला, तरी त्या मिळकतीवर पगाराप्रमाणेच कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) कापला गेला पाहिजे. वर्गात आपल्यावर लक्ष ठेवायला कोणी उभे नसते, हा युक्तिवाद इथे पुरत नाही.

त्यामुळे ‘पूर्ण रक्कम हाती’ हे आमिष कितीही मोठे दिसले तरी ते स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज न कापलेला कर उद्या एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याच्या, चौकशीत वर येतो, आणि तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात. शिवाय भरपगारी रजेचा हक्क आणि पेन्शनमध्ये मालकाचा वाटा या गोष्टी कोणी न सांगता हातच्या जातात. कोणी पगाराचा काही भाग ‘कर्ज’ म्हणून देऊ केला, तर त्या व्यवहारात शिरूच नका; करचुकवेगिरीच्या अशा योजनांची थकबाकी शेवटी काम करणाऱ्याच्या दारी आलेली आहे. स्वतःची लिमिटेड कंपनी काढल्यानेही प्रश्न सुटत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत आयआर३५ (स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याला करासाठी पगारदार धरायचे का, याचा नियम) खाली आपला दर्जा ठरवण्याचे काम एप्रिल २०१७ पासून शाळेकडे आहे आणि सप्लाय टीचरच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘पगारदार’ असेच येते.

आता पगार कमी का येतो, ते पाहू. समजा दिवसाचा दर १८० पौंड आणि आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ९०० पौंड झाले. हा आपला पगार नव्हे. ही एजन्सीने अम्ब्रेला कंपनीला दिलेली रक्कम आहे. तिच्यातून कंपनी आपली फी घेते, समजा २५ पौंड. मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे आठवड्याच्या ९६ पौंडांवरील पगारावर १५ टक्के, साधारण १०१ पौंड होतो, आणि अप्रेंटिसशिप लेव्हीचे (उमेदवारी प्रशिक्षणासाठी मालकांवरील कराचे) सुमारे ४ पौंड जातात. उरतात ७७० पौंड. रजेचे पैसे यातच धरलेले असतात आणि पेन्शनमधील मालकाचा वाटा असेल तर तोही आधीच्या रकमेतूनच जातो. आपला प्राप्तिकर आणि आपला नॅशनल इन्शुरन्स कापायला सुरुवात होते ती इथून पुढे. म्हणून एजन्सीला ‘दर किती?’ असे न विचारता ‘कर कापण्यापूर्वीचा माझा पगार किती?’ असे विचारावे आणि काम घेण्याआधी मिळणारा माहितीचा तक्ता, ज्याला की इन्फर्मेशन डॉक्युमेंट म्हणतात, मागून घ्यावा. तो देणे एजन्सीवर बंधनकारक आहे. एजन्सी स्वतःच्या पगारपत्रकावर थेट घेणार असेल तर तो मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

पगारपत्रकावरचा टॅक्स कोडही, म्हणजे किती रक्कम करमुक्त धरायची हे मालकाला सांगणारी खूणही, पाहावा. एकच नोकरी असून १२५७एल ऐवजी बीआर किंवा ०टी दिसत असेल, तर १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा आपल्याला लागू केलेली नाही असे समजावे. एजन्सी बदलताना आधीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार व कराचा दाखला) दिला नाही की हे घडते. जादा गेलेला कर परत मिळतो, पण तोवर महिन्याचा हिशेब कोलमडतो.

प्रश्न: मी एजन्सीकडून पगारावर सप्लायची कामे करतो; त्यातून वर्षाला सुमारे २४,००० पौंड मिळतात. संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन शिकवण्या घेतो, त्याचे ४,८०० पौंड होतात. खर्च ६०० पौंडांच्या आसपास आहे. शिकवणीचे पैसे पालक थेट देतात. ते दाखवावे लागतात का?

उत्तर: होय, आणि इथे आपण खरोखर स्वयंरोजगारी आहात. विद्यार्थी आपण मिळवता, फी आपण ठरवता, वेळ आपण देता. एकाच माणसाची सकाळची मिळकत पगार आणि संध्याकाळची मिळकत व्यवसाय असू शकते.

करवर्षात अशी ढोबळ मिळकत १,००० पौंडांच्या वर गेली की त्या करवर्षानंतर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी (स्वतः विवरण भरून कर देण्याच्या पद्धतीसाठी) नोंदणी करावी आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरण भरून कर चुकता करावा. प्रत्यक्ष खर्च वजा करायचा की १,००० पौंडांची ट्रेडिंग अलाउन्स, म्हणजे खर्चाऐवजीची सरसकट वजावट, घ्यायची, यांतील एकच निवडता येते. आपला खर्च ६०० असल्याने अलाउन्स घेणे हिताचे आहे. नफा ३,८०० पौंड धरला जाईल. करमुक्त मर्यादा पगारातच वापरली गेल्याने त्यावर २० टक्के, म्हणजे ७६० पौंड कर येईल. वर्ग ४ चा नॅशनल इन्शुरन्स लागणार नाही, कारण तो स्वयंरोजगाराचा नफा १२,५७० पौंडांवर गेल्यावरच सुरू होतो. विवरण ३० डिसेंबरपूर्वी ऑनलाइन भरले, तर ही रक्कम पुढील वर्षाच्या पगारातून हप्त्यांनी कापून घेण्याची सोयही मागता येते.

पुढे शिकवण्या वाढून प्रत्यक्ष खर्च दाखवायचा झाला, तर एका विद्यार्थ्याच्या घरून दुसऱ्याच्या घरी गाडीने जाण्यासाठी मैलामागे ४५ पेन्स धरता येतात. १०,००० मैलांनंतर २५ पेन्स. म्हणून गाडीत एक वही ठेवावी आणि तारीख, कोठून कोठे आणि मैल त्याच दिवशी लिहावेत. रोज संध्याकाळी दोन मिनिटे दिली की पुरते. जानेवारीत आठवून लिहिलेले मैल कोणालाच पटत नाहीत, लिहिणाऱ्यालाही नाही. स्वयंरोजगाराच्या नोंदी विवरणाच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

प्रश्न: शाळेने थेट घेतले तर एजन्सीपेक्षा काय वेगळे होते?

उत्तर: कर दोन्हीकडे पगारातूनच कापला जातो; फरक पेन्शनमध्ये आणि दरात आहे. सरकारी शाळेने किंवा स्थानिक प्रशासनाने थेट घेतलेले दिवस टीचर्स पेन्शन या शिक्षकांच्या पेन्शन योजनेत मोजले जातात, एजन्सीचे दिवस मोजले जात नाहीत. स्थानिक प्रशासनाच्या शाळेत दिवसाचा दर वार्षिक वेतनाच्या १९५व्या भागाइतका असतो. लंडनबाहेर मुख्य वेतनश्रेणीची पहिली पायरी ३२,९१६ पौंड आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १६९ पौंड झाले. आपल्या अनुभवाची पायरी धरली तर याहून अधिक. एजन्सीमार्फत एकाच शाळेत तेच काम सलग बारा आठवडे केल्यानंतर मात्र शाळेने थेट नेमलेल्या शिक्षकाइतके वेतन मागण्याचा हक्क मिळतो. तेराव्या आठवड्याच्या सुरुवातीला एजन्सीला त्याबद्दल लेखी विचारावे आणि त्या पत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी.