फोटोवरून वजनही नीट कळत नाही, दुखणंही नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या महिला ग्रुपवर नट्यांचे आधीचे-आत्ताचे फोटो येतात. ‘हिला मोठं दुखणं असणार’, ‘हिने इंजेक्शन घेतलंय’ अशी चर्चा रंगते. फोटोवरून खरंच एवढं कळतं का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. वजनाचाही नीट अंदाज येत नाही, मग निदान तर लांबच राहिलं.

आधी कॅमेरा बघा. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून सेल्फी काढली की नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, चेहरा निमुळता होतो. तोच चेहरा दोन मीटरवरून झूम करून टिपला की रुंद आणि भरलेला दिसतो. ग्रुप फोटोत अगदी कडेला उभी असलेली बाई आडवी ताणली जाते. घरी करून बघा : एकाच खिडकीपाशी, त्याच उजेडात, पाच मिनिटांच्या आत एकाच माणसाचे असे तीन फोटो काढा. ते शेजारी ठेवले की ‘आधी’ आणि ‘नंतर’ तयार!

मग औषधं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स काही आठवडे घेतली की चेहरा गोल होतो, भूक वाढते, अंगात पाणी साठतं. दम्यापासून ल्युपसपर्यंत अनेक आजारांत ती द्यावी लागतात. ‘सुजल्यासारखी दिसतेस’ या शेऱ्याला घाबरून कुणी ती एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

2021 ची मिस युनिव्हर्स हरनाझ संधू हिची पुढच्याच वर्षी वजन वाढलं म्हणून टवाळी झाली. आपल्याला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार आहे, हे तिला जाहीरपणे सांगावं लागलं. हॉलिवूडचा चॅडविक बोसमन एप्रिल 2020 मध्ये एका व्हिडिओत खूप खंगलेला दिसला, तेव्हाही लोकांनी तर्कांचा पाऊस पाडला. त्याला 2016 पासून मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि त्याच ऑगस्टमध्ये, 43 व्या वर्षी तो गेला. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे ठरवणं त्याच्या हातात होतं. ते तसंच असायला हवं.

ही बारीक नजर घरात मात्र जरूर वापरा. काही न करता सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे 70 किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर डॉक्टर गाठा. साखर, थायरॉइड तपासावं लागतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी बेडक्याची तपासणी पालिकेच्या आरोग्य केंद्राकडून मोफत होते.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची आहे. असे फोटो बघून तिने जेवण तोडलंय. डबा तसाच परत येतो, दिवसातून तीनदा वजनकाट्यावर चढते. सासूबाई मात्र ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणतात. काय करू? — एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : सासूबाईंशी आजच बोला, मुलीसमोर नको. त्या कौतुकाने म्हणतात, पण मुलीला त्यातून उपाशी राहण्याची शाबासकी मिळते. वजनकाटा माळ्यावर टाका.

या वयात वजन वाढायलाच हवं, उंची आणि हाडं त्यावरच घडतात. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तिला लावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाढीचा तक्ता असतो, त्यावर मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी मांडून घ्या. रेषा खाली वळलेली दिसली तर ती धोक्याची खूण. नाडी आणि रक्तदाब झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

बोलताना शरीराचा विषय काढू नका. ‘तू जेवत नाहीस, मला काळजी वाटते’ एवढं पुरे. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं, शक्यतो कुणीतरी सोबत बसून. कॅलरीची चर्चा ताटावर नको. बरेच दिवस फार कमी खाल्लं असेल तर एकदम भरपेट जेवायला बसवू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा.

तीन महिने पाळी न येणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन (उलटीचा आवाज लपवायला) नळ सोडणं, सतत थंडी वाजणं, ही लक्षणं दिसली तर थांबू नका. चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी. समुपदेशनासाठी ठाण्यातच आयपीएच संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय 46. जिमचा ट्रेनर म्हणतो, अमुक हिरो वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या पेनने बारीक झाला, तेच स्वस्तात आणून देतो. घेऊ का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : घेऊ नका. हिरोने काय घेतलं हे ट्रेनरला ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि तुमचा रक्ताचा रिपोर्टही त्याने पाहिलेला नाही.

अशा पेनमधली सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आहेत. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा 0.25 मिलिग्रॅमने सुरू करतात, चार आठवड्यांनी 0.5, मग हळूहळू वर. थेट मोठ्या डोसने सुरुवात केली की उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी नावाचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर आधी सांगायला हवं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, बर्फात गोठलं तर फेकायचं. जिमच्या बॅगेतून आलेलं पेन कुठे-कुठे तापलं हे कोण सांगणार?

आधी कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्या करून फिजिशियनकडे जा. औषध लागलंच तर बिलावर, मेडिकलच्या दुकानातून.