तीन वर्षांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट? नाही गं!

तुझा प्रश्न असा, की बारावी सायन्सनंतर ब्रिटनमध्ये सायकॉलॉजीची पदवी घेतली तर तीन वर्षांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येईल का, आणि त्यासाठी बाबांनी साताऱ्याची जमीन तारण ठेवून कर्ज काढावं का. पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं त्यावरच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इकडे ब्रिटनमध्ये नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’ कुणीही म्हणवून घेऊ शकतं, पण ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. ती लावायला एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि नोंदणीचा नेहमीचा रस्ता म्हणजे पदवीनंतरची तीन वर्षांची डॉक्टरेट. तिच्या सरकारी खर्चाच्या जागा मुख्यतः इथल्या रहिवाशांसाठी असतात. शिवाय त्याआधी असिस्टंट सायकॉलॉजिस्ट म्हणून अनुभव लागतो, आणि त्या नोकऱ्यांसाठी व्हिसाची स्पॉन्सरशिप द्यायला मालक सहसा तयार नसतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी याच टप्प्यावर अडकल्या. मीही.

भारतात परतलीस तरी पदवीवर भागत नाही. तिथे मास्टर्स आणि त्यावर आरसीआयमान्य (म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं) क्लिनिकल प्रशिक्षण लागतं. ते नियमही सध्या बदलताहेत, तेव्हा एजंटवर विसंबू नकोस, आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. म्हणजे आधी ठरवायचं ते हे, की पेशंट कुठे बघायचेत. साताऱ्या-पुण्यात बघायचे असतील तर पदवी फर्ग्युसनसारख्या कॉलेजात घे आणि पैसे पुढच्यासाठी राखून ठेव, हे माझं स्पष्ट मत.

आता शिकतात काय ते सांगते, कारण मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं स्वप्नं, फ्रॉइड, लोकांची मनं. पहिल्या सत्रात समोर आलं स्टॅटिस्टिक्स! मी शिकले त्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला तर आकडेमोड ‘आर’ नावाच्या भाषेत कोड लिहून करायला शिकवतात. फ्रॉइड चारेक लेक्चरांत आटोपला. बाकी मेंदू, स्मृती, मुलांची वाढ, समाज, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे कशावरून?’ हा प्रश्न. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने सायकॉलॉजीतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत ठळक निष्कर्ष पुन्हा हाती लागला. आपल्याकडे प्रयोगाची टिपणं पाठ करायची सवय असते, इकडे त्याच प्रयोगावर शंका घ्यायला मार्क मिळतात. पहिल्या वर्षी मी स्वतःच दुसऱ्यांच्या प्रयोगात गिनीपिग झाले. अंधाऱ्या खोलीत तासभर पडद्यावरची अक्षरं बघून बटणं दाबायची, बदल्यात क्रेडिट! मला मजा आली. तुला गणिताचा कंटाळा असेल तर मात्र येणार नाही.

कोर्स निवडताना बीपीएसची, म्हणजे ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची, मान्यता आहे का ते आधी बघ. ती नसेल तर पुढचे बरेच दरवाजे बंद होतात. मान्यता असूनही निदान सेकंड क्लास लागतो आणि शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प पास व्हावा लागतो.

इंग्लंडमध्ये पदवी ३ वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ४. ग्लासगोला पहिल्या वर्षी सायकॉलॉजीसोबत आणखी दोन विषय घेता येतात, ते मला आवडलं, पण एका वर्षाची फी वाढते हेही खरं. गंमत म्हणजे माझ्या पदवीचं नाव ‘एमए (ऑनर्स)’. मामांनी ‘पोरीने बीए न करताच एमए केलं’ म्हणून गावभर पेढे वाटले! पुढे भारतात एका प्रवेशाच्या खिडकीवर ही पदव्युत्तर नाही, पदवीच आहे, हे समजावता समजावता माझी सबंध दुपार गेली.

खर्चाचं म्हणशील तर आपल्यासारख्यांना फी वर्षाला साधारण २० ते ३० हजार पौंड. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसले पाहिजेत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यात खोलीभाड्याला हातभार लागेल, फी निघेल असं समजू नकोस. शिकून झाल्यावर थांबायचा व्हिसाही २ वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिनेच. म्हणजे तुझ्या वाट्याला दीडच वर्ष. तेवढ्यात कर्ज फिटेल असं धरून जमीन तारण ठेवू नका, असंच मी बाबांना सांगेन. स्कॉलरशिप मिळाली किंवा संशोधनातच जायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

तरीही यायचंच असेल तर यूकासच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशाच्या, अर्जात पाच जागा भरता येतात, मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत. त्यात ‘मला लहानपणापासून लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं’ असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. बारावीच्या जीवशास्त्रात मेंदूबद्दल काय वाचलंस आणि त्यातलं काय पटलं नाही, ते लिही. पाच नावं ठरली की मला पाठव, बीपीएसच्या यादीत आहेत का ते आपण दोघी मिळून बघू.