बंद केलेला घरचा संगणक परगावाहून नेटवर्कवरून चालू करता येतो का?

घरचा संगणक शटडाऊन करून आपण नोकरीच्या गावी परतलात आणि आता त्यातील फाइल हवी आहे, तर तो इथूनच चालू करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येतो, परंतु त्याची तयारी त्या संगणकासमोर बसूनच करावी लागते. त्यामुळे या खेपेला घरच्या कोणाला तरी बटण दाबायला सांगणे हाच मार्ग उरतो. पुढच्या वेळेसाठी मात्र खालील माहिती उपयोगी पडेल.

शटडाऊन केलेला संगणक पूर्णपणे बंद झालेला नसतो. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टची थोडी वीज पुरवत राहतो आणि तेवढ्यावर नेटवर्क कार्ड जागे राहू शकते. या कार्डाला एका विशिष्ट संदेशाची वाट पाहायला लावणे म्हणजेच ‘वेक ऑन लॅन’. त्या संदेशाला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. त्याची रचना अगदी साधी असते: आरंभी ‘एफएफ’ हा बाइट सहा वेळा आणि त्यानंतर त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता (म्हणजे कार्डाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ओळीने सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. आपलाच पत्ता सोळा वेळा आलेला दिसला की कार्ड मदरबोर्डला उठण्याचा इशारा देते.

यासाठी बायोसमध्ये (म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘वेक ऑन लॅन’ किंवा ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ अशा नावाचा पर्याय चालू करावा आणि वीज वाचवण्यासाठी दिलेला ‘ईआरपी’ हा पर्याय बंद ठेवावा, कारण तो चालू असल्यास कार्डाची वीजही तोडली जाऊ शकते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाला संगणक जागवण्याची परवानगी द्यावी आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे शटडाऊन अर्धवटच होते आणि पुष्कळ संगणक मग हाकेला ओ देत नाहीत. लिनक्सवर हेच काम ‘ईथटूल’ या आज्ञेने होते. संगणक केबलनेच राउटरला जोडलेला असावा. वायफायवरून झोपलेला संगणक काही वेळा उठतो, पण पूर्ण शटडाऊन केलेल्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

खरी अडचण घराबाहेरून हाक मारताना येते. बंद संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कने दिलेला क्रमांक) सांगता येत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, म्हणजे बाहेरून आलेला संदेश घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवायला सांगितले, तरी काही मिनिटांत कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्याचा हे राउटर विसरतो आणि बाहेरून आलेले पॅकेट दारातच अडते. हाच गोंधळ मला बरेच दिवस उमगला नव्हता: संध्याकाळी बंद केल्या केल्या चाचणी यशस्वी होई आणि सकाळी काहीच घडत नसे. शिवाय अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटतात, तेव्हा पॅकेट आपल्या राउटरपर्यंतही येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पोर्ट उघडण्याच्या फंदात न पडता घरात रास्पबेरी पायसारखे सदैव चालू राहणारे छोटे उपकरण ठेवावे, व्हीपीएनने (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सुरक्षित वाटेने) त्याच्याशी जोडून घ्यावे आणि मॅजिक पॅकेट त्याच्याकडूनच घरातल्या संपूर्ण नेटवर्कवर प्रसारित करवावे.

वीज जाऊन आल्यावर काही संगणकांचे कार्ड, संगणक एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत, ऐकतच नाही. आमच्या घरी असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा आईलाच फोन करावा लागला. जिथे वीज वारंवार जाते तिथे बायोसमध्ये ‘वीज परत येताच चालू व्हा’ असा पर्याय निवडावा. त्यामुळे प्रत्येक वेळी वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल, तो नंतर दुरूनच बंद करता येतो.