बेळगावात घरामागच्या छोट्या परड्यात पक्षी यावेत आणि मुलांना ते बघता यावेत म्हणून काय करावं? बर्ड फीडर घ्यावा का?

फीडर घेऊ नका, निदान आत्ता तरी. हिंदवाडीत भाड्याचं घर, मागे एक कढीपत्ता, एक जास्वंद, धुण्याचा दगड आणि घरात सहा-नऊ वर्षांची दोन मुलं, एवढं तुम्ही लिहिलंय. जागा भरपूर झाली की! त्यातून कढीपत्ता आहे म्हणजे निम्मं काम झालंय. त्याला फळं धरली की खुडू नका. ती काळी पडायला लागली की बुलबुल आणि कोकीळ न बोलावता येतात.

दाणे टाकले की पहिली येतात कबुतरं, आणि ती मग हलत नाहीत. घरमालक वैतागतो तो वेगळाच. शिवाय आपल्याकडे जूनपासून पाऊस लागला की उघड्यावरची ज्वारी बघता बघता बुरसते. चिमण्यांसाठी टाकायचंच असेल तर उन्हाळ्यात मूठभर कणी किंवा बाजरी टाका, संध्याकाळपर्यंत संपेल एवढीच. फरसाण, खारे दाणे, शिळा पाव अजिबात नको.

खरी ओढ पाण्याची. कुंभाराकडून पसरट मातीचा परळ आणा. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे बारक्या पक्ष्यालाही पाय टेकता येतो. परळ सावलीत असावा, पण झुडपाला चिकटून नको. तिथे मांजर दबा धरून बसतं. रोज घासून पाणी बदला, कारण डेंगीचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. हे काम थोरल्याला देऊन टाका.

मग बुलबुलाची आंघोळ बघा. आधी तो वाळणाच्या तारेवर बसून चारी बाजू न्याहाळतो, मग परळाच्या काठावर येतो, नुसती चोच बुडवून पुन्हा तारेवर जातो. खात्री पटली की पोटापर्यंत पाण्यात बसून पंख फडफडवतो. बाहेर आला की शेंडी विस्कटलेली, आणि एकेक पीस चोचीतून ओढत बराच वेळ आवराआवर. तेवढ्यात साळुंक्यांची जोडी आली तर भांडण ठरलेलं.

दुसरं म्हणजे एक कोपरा झाडू नका. पडलेला पाला तसाच राहू दे. सातभाईंची टोळी तो उलटापालटा करून किडे शोधते, दयाळही उतरतो. औषध फवारू नका. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्या-किडेच भरवते. रुंद पानाच्या एखाद्या झाडावर शिंपी पक्षी पानाच्या कडा टाके घालून शिवतो. असं पान दिसलं तर लांबूनच बघायचं, मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही.

मुलांना नावं पाठ करायला लावू नका. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, हे आधी विचारा. मग जमिनीवर कसा फिरतो ते. चिमणी टुणटुण उड्या मारते, साळुंकी पाय टाकत चालते. हे धाकट्यालाही पहिल्याच सकाळी कळतं आणि तो घरभर तसं चालून दाखवतो. मर्लिन हे ॲप फुकट आहे, आवाज ओळखतं, पण मुलांनी आपला अंदाज सांगितल्यावरच ते उघडा. वहीत मराठी नावाशेजारी कन्नडही लिहू द्यात, चिमणीला गुब्बच्ची, खंड्याला मिंचुळ्ळी वगैरे. शाळेत उपयोगी पडतं.

उन्हाळ्यात उंबरावरून टुक टुक ऐकू आलं तर तांबट पक्षी शोधायला सांगा. चोच मिटलेली, गळा फुगलेला आणि डोकं सारखं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते लवकर समजत नाही. कोकिळेचं गुपितही सांगा: ‘कुऊ’ करतो तो काळा नर, ठिपक्यांची तपकिरी मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोत चक्कर मारा, झाडी दाट आहे. किल्ला तलावावर पाणपक्षी दिसतात. पावसात येळ्ळूरकडच्या भातशेतांत सुगरणीचे खोपे शोधा. थंडीत तिथल्याच तारांवर नीलपंख, म्हणजे कर्नाटकाचा राज्यपक्षी, दिसू शकतो. महाराष्ट्राचा हरियालही वड-उंबर पिकले की बघायला हरकत नाही. दोन्ही एकाच वहीत आले तर इथे तरी कुणी मोर्चा काढणार नाही.

आणि स्कूटर मागे लावत असाल तर आरशांवर जुने मोजे चढवा. विणीच्या दिवसांत दयाळ आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून दिवसभर टोचा मारत बसतो.