फक्त सात वर्षं गाऊन निवृत्त झालेली यामागुची मोमोए जपानमध्ये अजूनही इतकी का आठवली जाते?

कारण आयडॉल (कंपन्यांनी घडवलेली किशोरवयीन पॉप गायिका) म्हणून इतरांनी घडवलेली प्रतिमा तिनं हळूहळू आपल्या हातात घेतली आणि थांबायचं कधी, हेही स्वतःच ठरवलं. माझ्या मते तिचं खरं मोठेपण यातच आहे.

‘स्टार तांजो’ या टीव्हीवरच्या स्पर्धेतून ती पुढे आली. 1973 मध्ये पहिलं गाणं आलं तेव्हा ती 14 वर्षांची होती. पाठोपाठ तिला द्वयर्थी शब्दांची गाणी दिली गेली. इतक्या लहान मुलीच्या तोंडी ते शब्द घालणं मला आजही खटकतं. पत्रकारही मुद्दाम विचारायचे, मुलीकडची सगळ्यांत मौल्यवान गोष्ट कोणती? ती शांतपणे सांगायची, मनाचा सच्चेपणा. लाजणं नाही, लाडिक हसणं नाही. तिची ती स्थिर, थोडी उदास नजर इतर आयडॉलपेक्षा अगदी वेगळी होती.

मग तिनं स्वतःहून रॉक संगीतकार उझाकी र्‍युदो यांची गाणी मागितली. त्यांच्या पत्नी आकी योको गीतं लिहायच्या. 1976 चं ‘योकोसुका स्टोरी’ या जोडीचं. योकोसुका हे मोमोए लहानाची मोठी झाली ते बंदराचं गाव. इथून तिच्या गाण्यांतली बाई पुरुषाला जाब विचारू लागली. 1978 च्या ‘प्लेबॅक पार्ट 2’ मध्ये तर ती एकटी लाल पोर्शे चालवते! (एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर जाहिरात चालत नाही, म्हणून तिथं ‘पोर्शे’ऐवजी नुसती ‘गाडी’ म्हणावं लागलं होतं.)

सिनेमांतला तिचा जोडीदार मिउरा तोमोकाझु. 1979 मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमात तिनं त्याच्यावरचं प्रेम स्वतः जाहीर केलं. आयडॉलनं प्रेमप्रकरण लपवायचं, अशी रीत असताना! पुढच्या वर्षी आत्मचरित्रात तिनं आपण विवाहबाह्य संबंधातून जन्मल्याचंही लपवलं नाही. 5 ऑक्टोबर 1980 ला टोकियोच्या बुडोकान सभागृहात शेवटचं गाणं गाऊन तिनं पांढरा माइक रंगमंचावर ठेवला आणि ती निघून गेली. वय 21. लग्न, संसार, मुलं. गायिका म्हणून ती पुन्हा कधीच परतली नाही. करिअर सोडून संसार निवडला म्हणून कुणी तिला परंपरावादी म्हणतं. मला ते पटत नाही. निर्णय तिचा होता, आणि तो तिनं निभावला.

ऐकायचं असेल तर ‘योकोसुका स्टोरी’पासून सुरुवात करा, मग ‘इइ हि ताबिदाची’. तानिमुरा शिंजी यांचं हे गाणं जपानी रेल्वेच्या पर्यटन मोहिमेत वापरलं होतं. सुरुवातीची गाणी शेवटी ऐका, म्हणजे आवाज किती बदलला ते कळेल.